‘ग’च्या पायाशी दवबिंदू

सोनगडच्या राजांनी नवं नाट्यगृह बांधलं, तेव्हा त्याच्या जाहिरातीसाठी मथुताई वर्तकांनी जाड-बारीक रेघांची, टोकांना नाजूक वळण असलेली टपोरी अक्षरं घडवली. गावभर वाहवा झाली. लगेच दिवाण त्रिंबकपंतांनी भर दरबारात स्वतःची रेखाटनं मांडली. म्हणाले, "अक्षरं माझी. या बाईंनी चोरली."

मथुताईंनी आपली कच्ची रेखाटनं केव्हाच जाळून टाकली होती. पदर चुरगाळत त्या दिवाणांचा कागद पुन्हा पुन्हा न्याहाळत राहिल्या आणि एकदम थबकल्या.

"दिवाणसाहेब, ‘ग’च्या पायाशी हा ठिपका कसला?"

"तो दवबिंदू!" पंत ऐटीत म्हणाले. "त्याच्यावाचून ‘ग’ ओकाबोका दिसतो. तुम्हाला नाही कळायचं ते."

"महाराज, चौकातल्या जाहिराती मागवाव्यात. दिवाणसाहेबांच्या घरचीही."

चौकातल्या एकाही जाहिरातीवर ठिपका नव्हता. पंतांच्या घरच्या जाहिरातीवर मात्र ‘ग’खाली, छापताना चिरडलेली माशी चिकटली होती.

महाराजांनी हसू दाबत विचारलं, "आता निवाडा काय करावा, मथुताई?"

"अक्षरं माझी मला द्यावीत, महाराज. माशी दिवाणसाहेबांचीच राहू द्या."