पाहुणीचं पेन

बदली डॉक्टरने पायरी ओळखून राहावं, ही डॉक्टर खर्डेकरांची लाडकी शिकवण. त्यांच्या इस्पितळात रेश्मा तडवी पंधरा दिवसांसाठी आली. पहिल्याच सकाळी सलाईन लावलेल्या पेशंट भागूबाईंना धाप लागलेली पाहून 'छातीत पाणी होतंय, सलाईन बंद करा' असं केसपेपरवर लिहायला तिने पेन उघडलं.

खर्डेकर कडाडले, "तू इथली पाहुणी! माझ्या कागदावर एक अक्षर लिहायचं नाही."

सलाईन चालूच राहिलं. दुपारी भागूबाई गेल्या.

दाराशी नातेवाईक जमले, तसे खर्डेकर केसपेपर घेऊन धावत आले. "सलाईन सकाळीच बंद केलं होतं, असं तुझ्या सहीने लिही."

रेश्माने पेनाला टोपण लावलं. "सर, मी अजून पाहुणीच आहे."