रस्ता कोणाच्या बापाचा?

खडकवळ संस्थानच्या रणधीरराव महाराजांना पान खायची हुक्की आली, की मोटार निघायची.

पानाचं दुकान राजवाड्याच्या समोरच होतं. मधे फक्त रस्ता. मोटारीचं नाक गफूर तांबोळ्याच्या दुकानाला टेकायचं, तेव्हा तिचं बूड अजून राजवाड्याच्या दरवाजातच असायचं. पण पायीच जायचं, तर मोटार घेतली कशाला? दोन नोकर हँडल मारून घामाघूम व्हायचे, ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, धुराने अख्खी पेठ खोकायची, आणि एवढ्या थाटामाटानंतर महाराज खिडकीतून नुसता हात बाहेर काढून विडा घ्यायचे. मोटार तिथे वळायची नाही, म्हणून परतताना साऱ्या गावाला वळसा. त्या वळशात विडा चघळून संपायचा. मग पुन्हा पान!

एका सकाळी त्या वळशावर अनशी गवळण समोरून सायकलवर आली. मागे दह्याची गाडगी बांधलेली. मोटार बघून तिने घंटी वाजवली, कडेला झाली. मोटार मात्र तसूभरही बाजूला सरकली नाही. अनशी गटारात, सायकल तिच्या अंगावर, आणि एक गाडगं उडून थेट मोटारीच्या काचेवर फुटलं.

महाराज दह्यातून डोकावून ओरडले, "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

दुसरं कोणी असतं तर पाया पडलं असतं. अनशी उठली, पदराचा चिखल झटकला आणि म्हणाली, "होय. माझ्या बापाचाच आहे."

महाराजांना हसावं की चिडावं कळेना. हिचा बाप त्यांच्याच गोठ्यात म्हशी धुवायचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सायकल तिथेच काढून घेतली आणि बजावलं, की उद्या दरबारात येऊन रस्ता बापाचा असल्याचं सिद्ध कर. नाही जमलं, तर सायकल राजवाड्याच्या विहिरीत जाईल.

घरी नवऱ्याने, तुळाजीने, कपाळाला हात लावला. जाऊन नाक घास, माफी माग, म्हणून तो विनवू लागला. अनशी तान्ह्याला पाजत होती. बाळ झोपलं की ती दही घेऊन निघायची आणि ते जागं व्हायच्या आत घरी यायची. सायकल गेली तर लांबच्या वाड्यांना पायी जावं लागणार, आणि बाळ भुकेनं रडून रडून निळं पडणार. संध्याकाळभर ती पाळण्याची दोरी ओढत राहिली. मग एकाएकी स्वतःशीच हसली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. एका बाईची फजिती बघायची, म्हणून मानकरीही झाडून सगळे हजर. अनशीने कडेवरचं बाळ सावरलं आणि म्हणाली, "राम राम, महाराज."

दिवाणजी ताडकन उठले. "महाराज काय? दरबाराची रीत कळत नाही? मायबाप म्हण, मायबाप!"

अनशी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली, की माझे आईबाप तर गोठ्यापाशी राहतात. ह्यांना कसं म्हणू?

दिवाणजींनी डोळे वटारून तिला समजावलं, की राजा म्हणजे साऱ्या प्रजेचा बाप. गवळ्याचाही आणि मानकऱ्याचाही. महाराजांनी मिशीला पीळ देत मान डोलावली.

"मायबाप, हे खरं का? तुम्हीच माझे बाप?"

"अर्थात!" महाराज म्हणाले.

"आणि तो रस्ता कोणाचा?"

"माझा! दुसऱ्या कोणाचा असणार?"

"मग झालं की सिद्ध," अनशी म्हणाली. "माझी सायकल द्या."

दिवाणजी उघडं तोंड मिटायचंच विसरले. महाराजांचा पीळ बोटातच राहिला. अनशीचं अजून संपलं नव्हतं.

"लेक म्हणून एक विचारते, बाबा. माहेरच्या रस्त्यावर लेकीला गटारात ढकलायची रीत कुठली? आणि समोर पानाला जायला मोटार लागते, ती पायांना मेंदी लावलीय म्हणून का?"

महाराजांनी नकळत आपल्या पायांकडे बघितलं. मग हसू फुटलं ते असं, की पगडी सावरायला दोघे धावले. हसता हसताच त्यांनी फर्मान सोडलं, की माहेरवाशिणीला सायकल द्या, साडीचोळी द्या, फुटल्या गाडग्याच्या बदल्यात गोठ्यातली दुभती म्हैस द्या. आणि सायकल समोर दिसली, की मोटारीने थांबायचं.

"मीही वळणावर घंटी वाजवीन, बाबा," अनशी म्हणाली.

मग महाराज लेकीसाठी पान आणायला रस्ता ओलांडून पायी गेले. गफूर तांबोळ्याने त्यांना ओळखलंच नाही. बिचाऱ्याने आजवर त्यांचा फक्त हात पाहिला होता.