चार व्होल्टांचा सांधा

"चार व्होल्टांनी काय आभाळ कोसळतंय, अप्पा?"

हे चनबस विचारत होता. कुणाला, तर गुरलिंगअप्पांना! मठात यायच्या आधी तीस वर्षं ज्यांनी खांबांवर चढून तारा ओढल्या, त्यांना. आणि हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पण ऐट अशी, की विचारू नका.

मठात सामुदायिक विवाह होता. वैशाखातली भर दुपार. वर कापडाचं छत, आठ मोठे कूलर, खाली बारा जोडपी. त्यात चनबसची धाकटी बहीण महादेवी. वायरिंग सगळं चनबसचं, पहिलंच स्वतंत्र काम.

स्टेजमागच्या बांबूवर तारेचा एक सांधा होता. सांध्याच्या अलीकडं मीटर दोनशे सव्वीस व्होल्ट दाखवत होतं, पलीकडं दोनशे बावीस.

"हिशेब सांग," अप्पा म्हणाले.

"दाब दोनशे बावीस, प्रवाह तीस. भागला की रोध, सात पूर्णांक चार ओहम. गुणला की शक्ती, सहा हजार सहाशे साठ वॉट. तार चाळीस अँपिअरची हाय. बिनघोर राहा."

"हा कूलरांचा झाला. सांध्याचा?"

"सांध्याचा कुणी काढतं होय?"

अप्पांनी मीटर त्याच्यापुढं धरलं.

"बरं. चार भागिले तीस... शून्य पूर्णांक तेरा. म्हणजे काहीच नाही की!"

"गुण."

"चार गुणिले तीस... एकशे वीस वॉट."

"ते कूलरला तर पोचत नाहीत. मग जातात कुठं?"



अप्पांनी चनबसचं मनगट धरलं. लाइनमन धरतात तशी हाताची पाठ पुढं करून सांध्याजवळ नेली. टेकवली नाही, नुसती जवळ नेली.

चनबसनं हात झटकन मागं घेतला. "भाजतंय! पण मी तर पाच फेर टेप मारलीय, अप्पा..."

सांध्याच्या वर वीतभर अंतरावर छताचं कापड होतं. त्याची कड पिवळी पडली होती.

चनबस एक पाऊल मागं सरला. खोटं कशाला सांगू, मी तिथंच उभा होतो, माझीही नजर बाहेरच्या वाटेकडं गेली.

"मेन स्विच पाडू?" तो पुटपुटला. "अक्षता पडायच्यात अजून. कूलर थांबले तर लोक फाडून खातील मला. पुन्हा कुणी काम देणार नाही. दहा मिनिटं... फक्त दहा मिनिटं थांबू या का?"

अप्पा स्टेजकडं बघत राहिले. महादेवी पदरानं घाम पुसत होती.

चनबस धावला. मेन पाडलं.

कूलर थांबले. सनई मध्येच बंद पडली, पोरं रडायला लागली. चनबसनं टेप सोडवली. आतल्या फेरांचा पार कोळसा झाला होता. दोन तारा नुसत्याच एकमेकींना वेढा देऊन ठेवलेल्या, पीळ ढिला.

"वायरमन कोण हाय रे?" मांडवातून आरडाओरडा सुरू झाला. "कुठं मेला?"

चनबस अप्पांच्या मागं सरकला.

"अप्पा... वरूनच लाईट गेली म्हणून सांगू? सगळेच तसं सांगतात..."

"चनबस! ए चनबस!" आता नाव घेऊन हाका येत होत्या.

अप्पा बाजूला झाले.

"ओ दे."