साहेबांची पांढरी पँट

मिरजेत दिनकर शिंगाडे गाड्या आतून धुऊन द्यायचा. पण सीटा ओल्या राहायच्या, दोन दिवसांत कुबट वास यायचा आणि गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. म्हणून त्यानं वाफेचं मशीन घ्यायचं ठरवलं.

एजन्सीचे कोटणीससाहेब दोन मशीनं घेऊन आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तशीच पांढरी पँट. मोठ्या मशीनवर हात ठेवून म्हणाले, "हेच घ्या. ही धो धो वाफ, आणि सीट मिनिटात कोरडी. छोटं म्हणजे खेळणं."

दिनकर मान डोलावणार, तेवढ्यात सीटा पुसणाऱ्या इंदूमावशी पुढे आल्या. मावशींनी तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं होतं. "दोन्ही चालवून दाखवा की, साहेब."

साहेबांनी दिनकरच्याच गाडीत एका सीटवर मोठं मशीन फिरवलं, शेजारच्या सीटवर छोटं. मिनिटभर थांबून मावशींनी दार उघडून धरलं.

"आता बसा. कुठल्याही सीटवर."

साहेबांनी दोन्हीकडे पाहिलं, पँट सावरली आणि छोट्या मशीनच्या सीटवर बसले.

दिनकरला हसू आवरेना. साहेब मात्र तडकले, "तुम्हाला मशीनमधलं काय कळतं हो?"

"काही नाही, साहेब. म्हणून तर तुमच्या पँटीला विचारलं."

दिनकरनं छोटं मशीन ठेवून घेतलं. त्याच्यापुढचा नारळ मावशींच्याच हातून फोडला. मग दिनकरनं गाडीचं पुढचं दार उघडलं. "मावशी, आजवर नुसत्या सीटा पुसल्यात. आज बसा, घरी सोडतो."