घट्ट शिलाईचा अभिमान

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक शिवणकाम करणारी बाई आपल्याच गुरूशी भांडायला निघाली. तिचं नाव इंदुमती. गुरू म्हणजे वृद्ध कापडव्यापारी नेमूअण्णा. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण डोळे मिटून नुसत्या बोटांनी कापड ओळखायचे. इंदुमतीला कापडाची पारख त्यांनीच शिकवली होती.

इंदुमतीने आजवर शाळेचे गणवेश शिवले. तिची शिलाई अशी, की पोरं झाडावरून पडत, पण शिवण उसवत नसे. त्या कीर्तीवर तिला मुलींच्या कबड्डी संघासाठी टी-शर्ट-चड्डीचे बारा जोड शिवायचं काम मिळालं. अण्णांनी बनियनचं असतं तसलं होजियरीचं कापड दिलं. तिने ते नेहमीच्या हातोटीने, घट्ट आणि सरळ शिवलं. पहिल्याच सरावात संघाची कप्तान तेजल चढाईला गेली, तिने पाय लांबवला आणि टर्रकन आवाज झाला. तासाभरात नऊ जोड उसवले. सामने दोन दिवसांवर. 'उद्या सकाळी नीट झालेले दिसले नाहीत, तर काम दुसरीकडे देतो,' असं संघाच्या सरांनी बजावलं.

इंदुमतीने गाठोडं अण्णांच्या गादीवर आपटलं. "सडकं कापड माझ्या गळ्यात बांधलंत, अण्णा!"

"सडकं असतं तर परक्याच्या गळ्यात बांधलं असतं. तू घरची!"

"हसू नका. मला न ताणणारं कापड द्या. चांगलं मांजरपाट द्या."

"देतो की. मग पोरींना सांग, कबड्डी उभ्याउभ्याच खेळा."

समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यादेखत अण्णांनी अंगातला सदरा काढला, बनियनवर उभे राहिले, आणि कात्रीने आधी सदऱ्याचा, मग बनियनचा एकेक तुकडा कापला.

"अहो, हे काय करताय? काकू मला बोलतील!"

"मलाच बोलेल. मला सवय आहे. दोन्हींतून दोरा ओढ बघू."

तिने ओढला. सदऱ्याच्या तुकड्यातून दोरा सरळ, काडीसारखा निघाला. बनियनच्या तुकड्यातून निघाला तो वळ्यावळ्यांचा. हातात धरला तरी कुरळाच राहिला.

अण्णा म्हणाले, "सदरा मागावरचा. उभे दोरे, आडवे दोरे, एकमेकांना अडवून बसलेले. म्हणून त्याला कडक घडी पडते, कॉलर ताठ राहते. बनियन सुयांवरचं. एकाच दोऱ्याचे टाके, एकमेकांत अडकवलेले. ओढलं की टाका लांबतो, सोडलं की पुन्हा जागेवर येतो. याची कॉलर केलीस तर दुपारपर्यंत मान टाकेल; आणि मांजरपाटाची चड्डी घालून चढाईला गेलीस तर तूच मान टाकशील. आता तुझा उसवलेला जोड बघ. फाटलंय काय?"

इंदुमतीने जोड उजेडात धरला. कापड अखंड होतं. तुटला होता तो फक्त शिलाईचा दोरा.

ती हळू आवाजात म्हणाली, "कापड ताणलं. माझा दोरा ताणला नाही."

"तुझी शिलाई वाईट नाही, पोरी. ती दुसऱ्या कापडाची आहे. कुणाला घट्ट धरावं आणि कुणाला हलायला जागा ठेवावी, एवढं ओळखलं की शिवण टिकते."

गिऱ्हाइकांपैकी एक जण सुनेसाठी साडी घ्यायला आला होता. तो उगाचच खाली बघू लागला.

इंदुमतीने घरी जाऊन बाराही जोडांची शिलाई उसवली. मशीनला गोल टोकाची सुई लावली, दोऱ्याचा ताण सैल केला आणि बारीक नागमोडी शिलाई घालायला घेतली. हाताला सवय नव्हती. पहिला जोड दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी तिने शिवण दोन्ही हातांनी ओढली. कापडाबरोबर दोराही लांबला, आणि कापडाबरोबरच परतला.

सकाळी सरांच्या आधी तेजलच दारात हजर. आत जाऊन चड्डी घालून आली, पण पाय जवळजवळ घेऊन अवघडून उभी राहिली. "मावशी, शिवण पुन्हा नाही ना जाणार?"

कालचा दिवस असता तर इंदुमतीने छातीवर हात ठेवून शब्द दिला असता. आज तिने फक्त मशीनजवळचं स्टूल बाजूला सरकवलं आणि मधली जागा मोकळी केली.

"कर चढाई," ती म्हणाली.