गेनूनं वॉरंटी सांभाळली

कुसुंबवाडीत एक भोळा गडी होता. नाव त्याचं गेनू. आता भोळी माणसं कुठल्या गावात नसतात? पण बाकीचे भोळे सांगितलेलं विसरून जातात. हा विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

गेनूची बायको द्वारका मात्र हुशार. रान बरं होतं, अंगात कष्ट होते, पण नांगरट दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवाला आधी स्वतःचं रान करणार, मग भावकीचं, मग ज्याच्याशी भांडण नाही त्याचं, आणि सगळ्यांच्या मागून द्वारकेचं. तोवर जमिनीतली ओल उडून गेलेली. लोकांचं पीक गुडघ्याला लागायचं तेव्हा हिचं कुठं मातीतनं डोकं वर काढायचं. दरवर्षी तेच. बांधावर उभं राहून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघताना द्वारकेला रडू यायचं, आणि ती ते पदरानं पुसून टाकायची.

तिच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, हे एकदा डोळ्यांनी बघितलं. त्यांनी नवाकोरा ट्रॅक्टर घेतला आणि लेकीच्या दारात आणून उभा केला. पण तात्या काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. जावयाला ते चांगले ओळखून होते. ट्रॅक्टर त्यांनी स्वतःच्याच नावावर ठेवला.

"कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहे," तात्या म्हणाले. "वर्षभर ती शाबूत राहिली, तर ट्रॅक्टर द्वारकेच्या नावावर करतो. जावईबापूंनी ती घालवली, तर ट्रॅक्टर धाकट्या जावयाच्या दारात जाईल. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

वॉरंटी म्हणजे काय, हे गेनूनं रात्री जेवताना बायकोला विचारलं. द्वारकेनं सांगितलं, की कंपनीनं दिलेला तो शब्द. आपण सांगितल्याप्रमाणे वागलो तर बिघाड कंपनीच्या अंगावर, आगाऊपणा केला तर आपल्या अंगावर. गेनूला हायसं वाटलं. सांगितल्याप्रमाणे वागायचं, एवढंच ना? जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं?

ट्रॅक्टरबरोबर शोरूमचा हमीद मिस्त्री आला होता. त्यानं गेनूला समजावलं, की इंजिन नवं आहे, सुरुवातीला जोर द्यायचा नाही. ओझं अर्धं, चाल हळू. नवी वस्तू जरा अंगवळणी पडू द्यायची.

"बरं," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

चार दिवस गेले आणि शेजारच्या केरबाची कडब्याची गंजी पेटली. सगळी आळी धावली. गेनूही निघाला. द्वारकेनं बाजारातनं आणलेली नवी बादली त्यानं घेतली, हौदावर अर्धी भरली आणि सावकाश चालत निघाला. लोक पळत जात होते, पळत येत होते. गेनू आपला नवरदेवाच्या चालीनं गंजीपाशी पोचला, अर्धी बादली हलक्या हातानं ओतली, आणि तसाच सावकाश मागं फिरला. केरबा ओरडून ओरडून लाल झाला. त्याला गेनूनं समजावलं, की बादली नवी आहे, पहिल्यांदा जोर देत नाहीत. बादली अंगवळणी पडेस्तोवर गंजीची राख झाली.

द्वारकेनं कपाळाला हात लावला. नवऱ्याला समोर बसवून तिनं सांगितलं, "अहो, धूर दिसला की पाणी ओतायचं. विचार करायचा नाही, थांबायचं नाही. धूर बंद होईस्तोवर ओतत राहायचं."

"बरं," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

ठेवलं की.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रॅक्टर चालू केला. सायलेन्सरच्या नळीतनं भकाभका धूर निघाला. इतका मोलाचा ट्रॅक्टर, बायकोचा जीव त्यात अडकलेला, आणि पेटला! त्यानं विचार केला नाही. थांबला नाही. घागर उचलली, बोनेटवर चढला आणि नळीचं तोंड बघून धार धरली. ट्रॅक्टर फुरफुरला, खोकला, गेनूच्या तोंडावर काळं पाणी उडवलं. गेनू मागं हटणारा नव्हता. घागर झाली, कळशी झाली, हंडा झाला. शेवटी ट्रॅक्टरनं एक आचका दिला आणि गप्प झाला. धूर बंद. गेनूनं कपाळ पुसलं आणि बायकोला हाक मारून सांगितलं, की विझवला, आता भ्यायचं कारण नाही.

द्वारकेला धाकट्या बहिणीचं दार दिसायला लागलं.

हमीद मिस्त्री फटफटीवर आला. त्यानं दुपारभर खोलाखोल केली, पाणी काढलं, सगळं सुकवलं. नशीब थोर, पाणी इंजिनच्या आत उतरलं नव्हतं. उतरलं असतं तर कंपनीनं हात झटकले असते. मिस्त्रीनं गेनूला जवळ बसवून घेतलं.

"गेनूभाऊ, पोटात काय जातंय त्यावर सगळं असतं. डिझेल घालायचं ते फडक्यानं गाळून घालायचं. फडक्यात जे अडकेल तो कचरा. तो फेकून द्यायचा. पोटात जाऊ द्यायचा नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

पुढं म्हसोबाची जत्रा आली. कुसुंबवाडीची माणसं वर्षभर एकमेकांशी भांडतात, पण जत्रेच्या मटणाला एका पंगतीत बसतात. चुलाणावर मोठाल्या कढया चढल्या होत्या. वास असा सुटला होता, की शेजारच्या गावचे लोक उगाच रस्त्यानं ये-जा करत होते. गेनू अंगानं दणकट, म्हणून पंचांनी त्याला वाढपात घेतलं. कढईतला रस्सा बादल्यांत काढून पंगतीला न्यायचा, इतकं साधं काम.

गेनूनं कढईत वाकून बघितलं. आत काय काय तरंगत होतं. हे सगळं आता गावाच्या पोटात जाणार. ट्रॅक्टरच्या पोटाची एवढी काळजी करायची आणि सख्ख्या गावाच्या पोटाची नाही? त्यानं डोक्याचा पटका सोडला, बादलीच्या तोंडावर बांधला आणि सगळा रस्सा नीट गाळून घेतला. फडक्यात बराच कचरा निघाला. तो त्यानं मंडपामागं नेऊन टाकला. तिथं गावची कुत्री होतीच.

पंगत बसली. रस्सा आला. लोकांनी भाकरी कुस्करली, वाटीत बोटं घातली, बोटं फिरवली. एकानं दुसऱ्याच्या वाटीत बघितलं. पोलीस पाटील नळी फोडण्यासाठी बाह्या सावरून बसले होते. ते तसेच बसून राहिले. मग कुणीतरी मंडपामागं गेलं आणि तिथला प्रकार बघून आलं.

गेनूला त्या रात्री गावानं काय काय म्हटलं, ते पोराबाळांसमोर सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी गावची कुत्री उन्हात पाय पसरून पडली होती, भाकरीचा तुकडा टाकला तरी एक डोळा उघडून परत मिटत होती.

द्वारकेला पाणवठ्यावर तोंड दाखवायची सोय उरली नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, दाट असतं त्यातच सगळा कस असतो. पातळ सांडलं तर सांडू दे. दाट असेल ते जीव लावून जपायचं. ते कुणी फेकायला लागलं तर फेकू द्यायचं नाही."

"बरं," गेनू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "ध्यानात ठेवतो."

सर्व्हिसिंगची तारीख आली. ती वेळेवर शोरूमलाच करायची, नाहीतर वॉरंटी बाद. द्वारकेनं गेनूला सकाळी सकाळी ट्रॅक्टर घेऊन तालुक्याला धाडलं. हमीद मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या खाली घमेलं ठेवलं, बोल्ट काढला आणि जुनं तेल सोडलं. काळंकुट्ट, दाट तेल. ते त्यानं बाजूला सारलं. मग कंपनीच्या डब्यातलं नवं तेल घातलं. पिवळंधमक, पातळ. गेनू हे बघत राहिला. दाट काढून टाकलं, पातळ आत घातलं! म्हणजे मिस्त्रीलाही कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. चांगला माणूस, पण घरी द्वारकेसारखी बायको नसणार.

मिस्त्री चहाला गेला. गेनूनं वेळ घालवला नाही. बोल्ट काढला, पातळ तेल फरशीवर सोडून दिलं, आणि घमेलं उचलून दाट तेल परत आत ओतायला घेतलं. निम्मं ओतून झालं होतं तेवढ्यात मिस्त्री आला. तेलातच खाली बसला.

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. शोरूमच्या मालकाला मिस्त्रीनं काय सांगितलं कोण जाणे, पण आपल्याच छपराखाली झालं म्हणून वॉरंटी वाचली. गेनू निघाला तेव्हा मिस्त्रीनं त्याचे दोन्ही खांदे धरले.

"गेनूभाऊ, तुमच्या पाया पडतो. आता कशालाच हात लावू नका. आवाज आला, की आधी बंद करायचं. स्वतः उघडायचं नाही. बाहेरच्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. बाहेरच्याचा हात लागला की वॉरंटी गेली. आहे तसं उचलायचं आणि सरळ इथं आणायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि इतकं ध्यानात ठेवलं, की पुढं ट्रॅक्टरच्या वाटेला काही वाईट आलंच नाही. पट्ट्याचा आवाज आला, नेला शोरूमला. हॉर्न घोगरा झाला, नेला शोरूमला. त्या साली द्वारकेचं रान गावात सगळ्यात आधी पेरून झालं. ती बांधावर उभी राहिली आणि या खेपेला वाट बघणारे दुसरेच होते. गेनू मागं उभा राहून तिच्याकडं बघत होता. आपण केलेल्या गोष्टीनं बायको हसतेय, हे त्यानं पहिल्यांदाच बघितलं. त्याची छाती फुगली.

वर्ष भरलं. तात्या कागद घेऊन आले. ट्रॅक्टरभोवती फिरले, खाली वाकून बघितलं, शोरूमला फोन लावून विचारलं. वॉरंटी शाबूत. तात्यांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. आजवर कधी मारली नव्हती. म्हणाले, जेवण करू आणि लगेच सही करतो.

जेवण झालं. तात्या खुर्चीत बसून पान लावत होते. चुन्याची डबी घ्यायला खाली वाकले आणि कंबरेत कट्टकन वाजलं. उसण भरली. तात्या वाकले ते वाकलेलेच राहिले. वर होता येईना, खाली जाता येईना.

उसणीवर गावात एकच उपाय. पायाळू माणसाची, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याची, हलकी लाथ कंबरेला लागली की उसण पळते. वरच्या आळीची गोदामावशी पायाळू होती. द्वारका तिला बोलवायला धावली. जाताना गेनूला म्हणाली, तात्यांवर लक्ष ठेवा.

गेनूनं लक्ष ठेवलं. आवाज तर त्यानं कानानं ऐकला होता. आणि आता बाहेरची बाई येणार, अन् हात सोडून थेट पाय लावणार! म्हणजे कारभार आटोपलाच.

"तात्या, बोलू नका," तो म्हणाला. "आवाज आला की आधी बंद करायचं असतं."

तात्या बंद होईनात. उलट त्यांचा आवाज वाढला. तेव्हा गेनूनं त्यांना खुर्चीसकट आहे तसे उचलले, ट्रॉलीत ठेवले आणि ट्रॅक्टर तालुक्याकडं सोडला. तात्या वाटभर ओरडले. गेनूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण खड्ड्याखड्ड्यानं त्यांचा घसा बसत गेला आणि तालुका येईस्तोवर आवाज आपोआप थांबला. गेनूला धीर आला. म्हणजे बिघाड फार खोल नव्हता.

शोरूमपुढं मांडव घातला होता, कर्णा वाजत होता, गर्दी ही म्हणून गर्दी. हमीद मिस्त्री कुठल्याशा गावाला गेला होता. एक टायवाला गडी कानाला फोन लावून फिरत होता. गेनूनं त्याला गाठलं आणि सांगितलं, की आणलंय, कट्टकन आवाज आला.

"कितवं साल?" टायवाल्यानं फोनमधनं तोंड न काढता विचारलं.

गेनूनं हिशेब केला. तात्या नेहमी म्हणायचे, सत्तर उलटले.

"सत्तरीतलं."

"बाप रे. त्याची वॉरंटी कधीच गेली, पाव्हणं. दुरुस्त करून काय फायदा? एक्स्चेंज मेळावा चालू आहे. चालू असो, बंद असो, जुनं आहे तसं ठेवून जा, नवं घरपोच येईल. मागं रांगेत लावा."

द्वारका गोदामावशीला घेऊन दारात बसून होती. दिवस कलला तेव्हा ट्रॅक्टर आला. ट्रॉली रिकामी.

"अहो, तात्या कुठंयत?"

"एक्स्चेंजला दिले," गेनू म्हणाला. त्याच्या तोंडावर मोठं समाधान होतं. "त्यांची वॉरंटी संपली होती, द्वारके. तरी ते लोक घेतायत, हे आपलं नशीब. सावलीत लावून आलोय. दोन जुन्या ट्रॅक्टरच्या मधी."

द्वारकेनं उठून रिकाम्या ट्रॉलीत वाकून बघितलं.

"अहो, पण ट्रॅक्टरच्या कागदावर तात्यांची सही राहिलीय!"

"मग त्यात काय एवढं," गेनू म्हणाला. "नवे सासरे आले, की पहिली तीच घेऊ."