रंगनाथला न मिळालेला नकार

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. सांगणाऱ्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पाहिली म्हणजे, तेव्हा तो सासुरवाडीला जेवत होता; पण गोष्ट इतकी खरी की तिथूनही दिसावी.

एका गावात कालव्याच्या काठी एक पाणीवापर संस्था होती. कालव्याला पाणी सुटलं की कोणाच्या शेताला केव्हा मिळणार, याचं पाळीपत्रक ती करी. पूर्वी ते फळ्यावर लिहीत. मग संस्थेत संगणक आला आणि संगणकामागोमाग रंगनाथ थेटे आला. अध्यक्ष होत्या कौसल्याताई मोगल.

रंगनाथ हुशार होता, पण भारी मानी. पाळीपत्रकाची फाइल तो आपल्या खाजगी फोल्डरमध्ये ठेवी आणि त्या फोल्डरचं दार इतरांना बंद. कारण पुढच्या निवडणुकीत ताईंच्या विरोधात करायचं भाषणही त्यानं तिथंच लिहून ठेवलं होतं.

पौषात पाणी सुटायचं ठरलं. त्या खेपेला पाळी टेलपासून, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू व्हायची होती. टेलला यादव बोडक्याचा हरभरा घाटे भरायला आला होता. ही पाळी चुकली असती, तर उभं पीक वाळलं असतं.

आदल्या दिवशी रंगनाथनं स्क्रिप्ट चालवली. ही स्क्रिप्ट तासातासाला फाइल वाचून नवं पाळीपत्रक डेटाबेसमध्ये चढवणार होती. पडद्यावर उत्तर आलं: परवानगी नाही.

रंगनाथची कानशिलं तापली. "या यंत्राचा कर्ता मी," तो म्हणाला, "आणि मलाच परवानगी नाही?" त्यानं फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी केली. परवानगी नाही. संगणकाचा सर्वाधिकारी होऊन पुन्हा हुकूम सोडला. तरी नाही.

समोर बाकावर यादव बसला होता. "थेटेसाहेब," तो म्हणाला, "जावई रुसावा तसं रुसलंय का ते?"

हे लागलं. रंगनाथनं चिडून एकच हुकूम दिला. संस्थेतलं प्रत्येक फोल्डर, प्रत्येक फाइल सगळ्यांना मोकळी. वाचा, लिहा, खोडा. स्क्रिप्ट लोण्यातून सुरी जावी तशी चालली. रंगनाथ मिशीला पीळ देत चहाला गेला.

संस्थेच्या ओसरीवर सभासदांना पाळी बघायला एक संगणक ठेवला होता. तिथून आता पाळी बघताही येत होती आणि बदलताही. हे कळलं कालव्याच्या तोंडाशी शेत असलेल्या एका गृहस्थाला. त्यानं आपलं नाव पहिल्या नंबरवर घेतलं. मग त्याच्या भावकीनं घेतलं. दुपार कलेपर्यंत पहिला नंबर निम्म्या गावाचा झाला होता, आणि यादवचं नाव त्या ढकलाढकलीत कुठल्या कुठे बाहेर पडलं होतं.

कौसल्याताई आल्या. त्यांनी पाळीपत्रक पाहिलं आणि रंगनाथच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तुझं भाषणही वाचलं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर जरा कमीच बोललास. ते राहू दे. हे सगळं सताड कशाला उघडलंस?"

"यंत्र मला नाही म्हणत होतं, ताई."

"तुलाच म्हणत होतं कशावरून?"



त्या संस्थेचा एक रिवाज होता. कालव्याचं दार उचलायचं ते फक्त पाटकऱ्यानं. अध्यक्षानं हुकूम द्यायचा, दाराला हात लावायचा नाही.

"पाणी सोड, असं मी म्हणते," ताई म्हणाल्या, "पण बांधावरून चालत जातो पाटकरी. वाटेत कोणी फाटक लावलं, तर अडतो तो. मी इथं खुर्चीत. तुझ्या यंत्रात चालत कोण जातं?"

रंगनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. हुकूम त्याचा होता. पण फाइल आणायला जात होता डेटाबेस, आणि तोही स्वतःच्या नावानं. फाइल सगळ्यांना खुली झाली होती खरी, पण ती ज्या फोल्डरमध्ये होती त्याचं दार बंदच होतं. ते बंद केलं होतं रंगनाथनंच. म्हणजे यंत्रानं त्याचा अपमान केलाच नव्हता. अडकला होता तो त्याचाच निरोप्या, त्याच्याच अंगणाबाहेर.

त्यानं सताड उघडलेली सगळी दारं पुन्हा लावली. सभेत मंजूर झालेलं पाळीपत्रक नव्यानं टाइप केलं, एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि तिथं जाऊन ते वाचायची परवानगी फक्त डेटाबेसला दिली. लिहायची नाही. स्क्रिप्ट चालली. यादवचं नाव आपल्या जागी येऊन बसलं.

सकाळी पाटकऱ्यानं दार उचललं, तेव्हा वरची बरीच मंडळी आपापला पहिला नंबर घेऊन काठावर उभी होती. पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत टेलला गेलं, आणि यादवच्या हरभऱ्यात शिरलं.

यातला कालवा खरा, भाषण खरं, तो हरभरा तर सांगणाऱ्यानं खाल्लाय. बनवलेली गोष्ट एकच: रंगनाथनं तोंड मिटलं, ही. तो आजही सांगतो की चूक आपल्या आधीच ध्यानात आली होती, ताईंना बोलू दिलं ते केवळ त्यांचा मान राखायला.

तात्पर्य: नकार आला की आधी त्यात आपला अपमान शोधू नये. तो कोणाला आणि कोणत्या दाराशी झाला हे पाहावं. आणि मग तेवढंच दार, त्याच्यापुरतंच उघडावं.